पोलादातले धुरे आणि आबांचा भाता

कारखान्याच्या मागच्या अंगणात दोन गोष्टी कोणी मुद्दाम जमवीत नसताना साचत जातात : भंगार आणि किस्से. भंगाराची निदान अधूनमधून विल्हेवाट लागते. लढाईमुळे तर हल्ली त्याला भलताच भाव आला आहे. किश्श्यांना मात्र गिऱ्हाईक नाही. ते ज्याच्या त्याच्या डोक्यात पडून राहतात, आणि बाहेर काढताना प्रत्येक जण त्यांवर आपापला मुलामा चढवतो. मी रसायनशास्त्राचा एम. एस्सी.; मुलामा कुठे संपतो आणि मूळ धातू कुठे सुरू होतो हे पाहण्याची मला सवय लागली आहे. तेव्हा पुढे जे सांगतो ते बहुतेक मी स्वतः पाहिलेले आहे. जेथे नुसते ऐकले असेल, तेथे तसे म्हणेन.

स्थळ, मलकापुरातली एक जिनिंग फॅक्टरी. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रे, म्हणजे जिन, ही पोलादी पात्यांवर चालतात. चामड्याचा रूळ रुई ओढतो, एक पाते तिला दाबून धरते आणि दुसरे खालीवर हलत सरकी झटकून टाकते. ही पाती आजवर विलायतेहून येत. लढाई सुरू झाली आणि ती यायची थांबली. फॅक्टरीचे मालक असलेल्या शेठजींनी मला ठेवून घेतले ते यासाठी : भंगारातून योग्य पोलाद निवडायचे, आणि आमच्याच भट्टीवर पाती घडवायची.

भट्टी आबा मिस्त्रींची. आबा धामणगाव बढ्याचे. गावातला लोहारकीचा धंदा धाकट्या भावाच्या हाती देऊन ते तरुणपणीच फॅक्टरीत आले, आणि आपल्यावाचून वऱ्हाडातला कापूस झाडावरून उतरत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. शेठजींनी आषाढातच सांगून टाकले, "दसऱ्यापर्यंत पाती झाली आणि टिकली तर ठीक. नाहीतर भाता बंद. सगळं काम अकोल्याच्या ठेकेदाराकडे देणार."

शेठजी गेल्यावर आबांनी भात्याची साखळी हातात धरली. मग मला म्हणाले, "मास्तर, गावाले जाऊन पासा ठोकन्यात काय लाज नाई. आमच्या बापानं जलमभर वखराच्या लोखंडी पासाच ठोकल्या. पन भाऊ ईचारंन ना, काऊन आले बे वापस? काय सांगू त्याले? कापसानं हाकललं म्हनू?"

त्या दिवसापासून मी ती पाती शेठजींची मानणे सोडून दिले. ती आबांची होती.

* * *

मला एक खोली मिळाली. मॅनेजर वामनराव मोठे भाषाभिमानी. 'लॅबोरेटरी' हा शब्द त्यांना सहन होईना. त्यांनी स्वतः उभे राहून पाटी रंगवून घेतली : 'धातुपरीक्षा'.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी धाड गावाकडचे एक जमीनदार गृहस्थ दारात आले. डोक्याला जरीचा फेटा, आवाज मात्र अगदी दबलेला. आत येऊन त्यांनी आधी दार लोटून घेतले.

"साहेब, तुमीच तपासता का?"

"हो. नमुना आणला आहे?"

गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. "नमुना... इथंच द्या लागते?"

मी म्हटले, नमुना नंतर दिलात तरी चालेल. आधी दोष काय आहे ते सांगा. त्यांनी खिडकीबाहेर पाहत सांगितले, "अशक्तपना हाय."

मी दोष लिहून घेतला. "मग बहुधा कार्बन कमी पडत असेल. सर्वांत आधी तेच पाहावे लागते. शुद्ध लोखंड मऊच असते. त्यात शंभरात अर्धा भाग कार्बन गेला तरी ताकद दुपटीच्या आसपास जाते."

"दुप्पट!" गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. "थे कार्बन भेटते कशात?"

"कोळशात."

गृहस्थ हात जोडून निघून गेले. त्यांचा नांगर होता की वखर, हे विचारायचे राहूनच गेले याची मला चुटपुट लागली. पुढच्या बाजाराला ते पुन्हा आले. या वेळी दार उघडेच ठेवले, टेबलावर तुपाचा डबा ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब, बाभयीचा कोयसा उगायून दुधातून घेतला. लय फरक हाय!"

वामनरावांनी त्याच दुपारी पाटी उतरवली.

* * *

नागपूरच्या माझ्या कॉलेजातून बाद झालेला एक सूक्ष्मदर्शक मी विनंती करून आणला होता. पोलादाचा तुकडा आधी आरशासारखा घासायचा, मग सौम्य तेजाबाचा हात फिरवायचा, की त्याची आतली घडण दिसू लागते. घासण्याचे काम खरादावरचे, म्हणजे लेथवरचे, गफूरभाई करीत. तुकडा आरशासारखा झाला की नाही हे ते त्यात पाहून दाढीचे केस उपटून ठरवीत. पद्धत अशास्त्रीय होती. पण मी तिला आव्हान देऊ शकलो नाही.

आबांच्या गावचे नारायण पाटील एकदा सहज आले होते. त्यांचा चुलत भावाशी धुऱ्यावरून दावा चालू होता, आणि शेताची हद्द हा विषय सोडून त्यांना दुसरे काही सुचत नसे. आबांनी त्यांना आग्रहाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला.

पाटील बराच वेळ वाकून होते. मग ओरडले, "अबे आबा, हे तं वावर हाय!"

"आँ?"

"वावर! नांगरेल हाय. हे पाय, तास कसे सरके पडले. आन् हे धुरे!"

मला सांगायला हवे की कुठल्याही पाठ्यपुस्तकात मी याहून नेमके वर्णन वाचलेले नाही. कार्बन असलेले पोलाद सावकाश थंड झाले की त्यात मऊ लोखंडाचा एक थर आणि कठीण कार्बाइडचा एक थर असे पट्टे पडतात. ते खरोखरच नांगरटीसारखे दिसतात. आणि पोलादाचे दाणे एकमेकांना भिडतात त्या रेषा म्हणजे धुरेच. मी उत्साहाने पुढे सांगितले, की यात व्हॅनेडियम नावाचा धातू चिमूटभर घातला तर दाणे बारीक राहतात. दाणे बारीक म्हणजे धुरे जास्त, आणि धुरे जास्त म्हणजे पोलाद बळकट. कारण एका दाण्यातली घसरण दुसऱ्यात जाताना प्रत्येक धुऱ्यावर अडते.

पाटलांनी डोळा काढला. "म्हंजे वाटन्या जितक्या जास्त, तितकं लोखंड पक्कं?"

"एका मर्यादेपर्यंत, होय."

"मंग आमचं घर काऊन फुटलं?"

माझ्याआधी आबाच म्हणाले, "तुमच्या वाटनीत थे चिमूटभर वनेडम नाई पडलं, पाटील!"

* * *

त्या चिमटीने आबांवर विलक्षण परिणाम केला. मोठ्या धातूत दुसरा धातू मिठासारखा घालायचा आणि सबंध घाण्याचा स्वभाव बदलायचा, ही कल्पना त्यांना फार आवडली. ते रोज एकेकाचा गुण विचारीत आणि मी सांगे. मँगनीज : ते आपल्याच प्रांतात, बालाघाटकडे खाणींतून निघते, पोलादाला खोलवर कडक होऊ देते. सिलिकॉन : वाकवले तरी परत सरळ होण्याची जिद्द देते, म्हणून कमानींत घालतात. क्रोमियम : झिजू देत नाही. निकेल : चिवटपणा देते.

"निकेल कुठं भेटते?"

येथे माझी सावधगिरी किंचित ढळली. मी म्हणालो, "तसे पाहिले तर आपल्या एकण्णीच्या नाण्यातही असते."

शनिवारी एका पुलीची ओतणी होती. पुली उत्तम उतरली, एकही छिद्र नाही. त्यानंतरची उतरली, तीही उत्तम. तिसऱ्या शनिवारी वामनराव सहज तिकडे गेले तर भट्टीपुढे माणसे ओळीने उभी! प्रत्येक जण पुढे येई, वितळलेल्या रसात एक एकण्णी टाकी आणि कपाळाला हात लावून बाजूला होई. शेवटी गफूरभाई आले. त्यांनी "बिस्मिल्ला" म्हणून टाकली.

वामनराव धापा टाकत माझ्याकडे आले. "अहो, राजाची मुद्रा वितळवताहेत! सगळे तुरुंगात जातील!"

मी आबांना बाजूला घेऊन शांतपणे मांडून दाखवले. एकण्णीत तीन भाग तांबे आणि एकच भाग निकेल. एवढ्या मोठ्या ओतीव तुकड्यात निकेलचा गुण दिसायचा असेल, तर मलकापूर स्टेशनच्या तिकीटखिडकीवरची सगळी चिल्लर ओतली तरी पुरणार नाही. तुमची पुली चांगली उतरली, कारण तुम्ही साचा चांगला वाळवला होता. या प्रमाणात एका एकण्णीने काहीही होत नाही.

आबांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले.

"मास्तर, देवापुढं तरी आपन कुठं परमानात ठेवतो?"

* * *

भंगारातले पोलाद कोणत्या जातीचे, हे ओळखण्याचा स्वस्त उपाय म्हणजे ते सहाणेच्या फिरत्या चाकावर धरून ठिणग्या पाहणे. साधे कार्बनचे पोलाद फुलबाजीसारखे फुलते. टंगस्टन असेल तर ठिणगी गडद लाल आणि मरगळलेली दिसते. इतर धातूंच्याही आपापल्या खुणा असतात. चार ठिणग्यांत जात कळते.

अडचण एकच. आम्ही जिनिंग फॅक्टरीत होतो. ठिणगी हा शब्द जरी कोणी मोठ्याने उच्चारला तरी वामनराव रुईच्या गंजीकडे धावत. हंगाम नव्हता, गंजीची जागा रिकामी होती, तरी धावत. शेवटी तोडगा निघाला : चाक विहिरीच्या काठावर न्यायचे, आणि दोन गड्यांनी भरलेल्या बादल्या घेऊन दोन्ही बाजूंना उभे राहायचे. वामनरावांनी गड्यांना बजावले, "ठिणगी दिसली रे दिसली की पाणी! माझ्या हुकमाची वाट पाहू नका."

मी लॉरीच्या कमानीचा पट्टा चाकाला लावला. पहिली ठिणगी उडाली आणि दोन्ही बादल्या एकाच वेळी माझ्यावर आल्या.

चष्म्यातून काही दिसत नव्हते. तापलेले पोलाद एकदम थंड करून कडक करण्याला आमच्याकडे 'पाणी देणे' म्हणतात, हे येथे सांगितले पाहिजे, कारण पलीकडून गफूरभाईंचा आवाज आला, "बस हो गया आबा! मास्तरले पानी बराबर चढलं. आता हे वाकत नाहीत!"

* * *

गफूरभाईंकडे खरादाचे एक विलायती हत्यार होते. ते टंगस्टनचे. कापता कापता लाल झाले तरी त्याची धार मरत नसे, आणि धार लावण्यासाठी ते इतर कोणाच्या हातात देत नसत. ते पोलाद पाण्यात न बुडवता, नुसते वाऱ्यावर ठेवूनच कडक होते, असे मी आबांना सांगितले. टंगस्टन आणि क्रोमियम त्याच्या आतला बदल इतका मंद करतात, की त्याला घाईने थंड करावेच लागत नाही.

आबांचा विश्वास बसेना. "पान्याबिगर पानी?"

"नुसत्या हवेने."

"काई काम न करता, नुसतं हवेत बसून कडक व्हते?"

"होय."

आबांनी आवाज खाली आणला. "मंग मास्तर, आपल्या मॅनेजरमंदी टंगस्टन हाय."

* * *

भाद्रपद उजाडला. आता खरे पाते घडवायचे होते. पहिली निवड माझी होती, आणि ती चुकली. मी एका मोडक्या यंत्राच्या बॉल-बेअरिंगचे जाडजूड कडे निवडले. कार्बन भरपूर, वर क्रोमियम. झीज अशी होणारच नाही असा माझा कयास होता. तेवढ्यापुरता तो बरोबरही होता. आबांनी ते कडे तापवून सरळ केले, ठोकले, पाते घडवले आणि त्याला पाणी दिले. धारेवर कानस घासून पाहिली तर कानसच बोथट झाली. आबांना आनंद मावेना. त्यांनी पाते पकडीत धरले, वाकवून पाहायला जरासा जोर दिला आणि —

टिच्!

काचेसारखे दोन तुकडे. वर्कशॉपमधले सगळे हात थांबले. गफूरभाईंनी तुकडा उचलून उलटापालटा केला. "ज्यादा पढा-लिखा दिखता."

"हाव," आबा माझ्याकडे न पाहता म्हणाले. "लय शिकेल व्हतं. असं शिकेल वाकत नाई. एकदम मोडते."

टोमणा मला होता, आणि शास्त्रदृष्ट्या बिनचूक होता. पाणी दिल्यावर पोलादाची आतली घडण बाभळीच्या काट्यांसारखी सुयासुयांची होते. कडकपणा त्या सुयांचाच, आणि ठिसूळपणाही त्यांचाच. मी म्हणालो, "आबा, चूक माझी. कार्बन जास्त झाला. शिवाय पाणी दिल्यावर ते तसेच ठेवायचे नसते. पुन्हा हलक्या आचेवर थोडे गरम करून शांत करायचे असते. मग ताठा थोडा उतरतो आणि समजूत येते."

"शिकेल मानसाले बी तसंच लागते?"

"बहुधा."

"मंग," आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले, "तुमचं लगन कवा हाय?"

सगळे हसले, आबा नाही. दुपारी ते तुकडे पुन्हा पुन्हा जुळवून पाहत होते. दसरा जवळ येत होता, आणि अकोल्याचा ठेकेदार फॅक्टरी पाहून जाण्याचे निमित्त काढून एकदा येऊनही गेला होता. आबांनी त्याला भट्टीजवळ फिरकू दिले नाही. सांगितले, "पुढं नका येऊ. भाता आजारी मानसासारखा हाय, नवा चेहरा पायला का बिचकते."

* * *

दुसरी निवड आम्ही दोघांनी मिळून केली. लॉरीच्या कमानीचे पट्टे : कार्बन मध्यम, सोबत मँगनीज आणि सिलिकॉन. आबांचे म्हणणे, जे खामगाव-मलकापूर रस्त्यावर भरल्या लॉरीखाली टिकले ते कुठेही टिकेल. माझे म्हणणे, जे पाते दिवसभर खालीवर हलायचे त्याला कमानीसारखेच लवून परत येता आले पाहिजे. कारणे वेगळी, निष्कर्ष एक. असे क्वचित होते, म्हणून मी ते टिपून ठेवले.

मात्र या पोलादाला पाण्यात बुडवले तर ते तडकण्याचा धोका होता. पाणी फार झपाट्याने थंड करते. मँगनीजमुळे एवढी घाई लागत नाही. तेलात सावकाश थंड केले तरी सुया पडतात. म्हणून मी आबांना स्पष्ट सांगितले, "याला पाणी तेलाचे द्यायचे."

"तेलाचं पानी?"

"तेलाचे पाणी."

"हाव."

माझे हे चार शब्द मी आजही शब्दशः आठवून पाहतो आणि मला त्यांत दोष सापडत नाही. आबांनी हौद पाण्याने भरला, आणि वर पिंपातले सरकीचे तेल ओतून काठीने घुसळले. तेलाचे पाणी! पाते लाल झाले, खाली गेले, वरच्या तेलाने भडका घेतला, खालच्या पाण्याने सणका दिला, आणि मधोमध एक बारीक 'टिक्' ऐकू आले. पाते उभे तडकले.

वामनराव दारातच होते. म्हणाले, "पाण्याला आग लागलेली मी आज पाहिली."

मी व्याकरण समजावून सांगितले. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मंग सरळ म्हना ना, पानी तेलाचं पन बिनपान्याचं!"

दुसऱ्या दिवशी हौद कोरडा पुसून नुसत्या सरकीच्या तेलाने भरला. आबांनी पाते आत सोडले, सगळे तेल चरचरले, आणि तो वास साऱ्या आवारभर गेला. घटकाभरात गोदामातली, वजनकाट्यावरची, फाटकावरची माणसे एकेक करून दारात जमली. प्रत्येकाच्या हातात पानाचा नाहीतर कागदाचा तुकडा!

"आबा, कायचे भजे हायत?"

आबांनी चिमट्याने तेलातून पाते उचलून त्यांच्यापुढे धरले. "घ्या. दात पक्के असतील त्यानंच घ्या."

ते पाते तडकले नव्हते. हलक्या आचेवर ठेवल्यावर त्याच्यावर आधी गवती रंग चढला, मग जांभळा, मग मोराच्या मानेचा निळा. निळ्यावर आबांनी ते काढले. वाकवले. सोडले. पाते सरळ झाले. आबांनी पुन्हा वाकवले, पुन्हा सोडले. ते पुन्हा सरळ झाले. त्यानंतर दिवसभर कोणीही वर्कशॉपमध्ये आले, की आबा त्याच्यापुढे ते वाकवून दाखवीत.

* * *

दसऱ्याला आमच्याकडे जिन सुरू करण्याचा मुहूर्त असतो. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली होती. घणावर आणि ऐरणीवर अजून झेंडूची फुले होती. शेठजी खामगावहून सकाळच्या गाडीने उतरले. नव्या कापसाच्या पहिल्या गाड्या फाटकात उभ्या होत्या. जिनांच्या रांगेत काही जुनी विलायती पाती उरलेली होती आणि काही जिनांवर आम्ही आमची पाती चढवली होती. बसवल्यावर दोन्ही सारखीच दिसत.

वामनराव कोणते कुठले ते सांगायला पुढे झाले, तर शेठजींनी हात वर केला. "सांगू नका. या धंद्यात केस पिकले माझे. माल माझं बोट ओळखेल. संध्याकाळी एकेक पातं तपासतो. ज्या भात्याचं पातं दात टाकील, तो भाता आजपासून बंद. शब्द म्हणजे शब्द. कबूल, मिस्त्री?"

"कबूल," आबा म्हणाले. त्यांनी नवा फेटा बांधला होता. तो त्या दिवसात त्यांनी किती वेळा सोडून पुन्हा बांधला हे मी सांगू शकत नाही, कारण माझे लक्ष पूर्णपणे जिनांकडे होते, असे मी स्वतःला बजावीत होतो.

इंजिनाने शिट्टी दिली, वरचा लांब दांडा फिरू लागला, पट्टे फडफडले आणि सगळे जिन एकदम गर्जू लागले. पांढरी रुई पुढे पडू लागली, सरकी खाली. आबा प्रत्येक जिनापाशी कान लावून जात. गफूरभाई त्यांना म्हणत, "अबे, बैस ना जरा! बाळंतखाने के बाहेर खडा बाप दिखता तू." आबा बसले नाहीत, जेवले नाहीत. आपट्याची पाने द्यायला लोक येत होते, त्यांनाही त्यांनी खुणेनेच थांबवले.

उन्हे उतरल्यावर इंजिन थांबले. एकाएकी एवढी शांतता झाली की कानांत रुई भरल्यासारखी वाटली. शेठजींनी बाही वर सारली आणि पहिल्या जिनापासून सुरुवात केली. पात्याच्या धारेवरून अंगठा हलकेच फिरवायचा, मान हलवायची, पुढे जायचे. एक झाले. दुसरे झाले. आम्ही सगळे दोन पावले मागे ठेवून चालत होतो.

रांगेच्या साधारण मध्यावर शेठजींचा अंगठा थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा त्याच जागी थांबला. त्यांनी वाकून पाहिले. धारेवर चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा खांडा पडला होता.

शेठजी सरळ झाले. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट थोडा खेदच होता. "पाहा, मिस्त्री. मी म्हणत होतो ना, बोट फसत नाही. हा इथला माल. विलायती लोखंड असं दात टाकत नाही. तुम्ही मेहनत केली, मला दिसतं. पण शब्द म्हणजे शब्द."

वामनरावांनी माझ्याकडे पाहिले. मी गफूरभाईंकडे पाहिले. गफूरभाई छताकडे पाहू लागले.

आबा पुढे आले. पात्यापाशी वाकले, त्या खांड्यावरून त्यांनी स्वतःचा अंगठा फिरवला, आणि डोक्यावरचा नवा फेटा नीट करून शेठजींपुढे हात जोडले.

"हाव शेठजी. शबद म्हंजे शबद. भाता बंदच करा. पन आजच्या आज तार धाडा लागंन; थो भाता इलायतेत हाय!"